तांब्याचा डोंगर आणि कागदाची कंपनी

१६ जून १२८८. स्वीडनमधील व्हेस्टेरोसचा बिशप पेटर याने त्या दिवशी एक व्यवहार चर्मपत्रावर लिहवून घेतला. मजकूर लॅटिन, आणि अगदी रुक्ष. डालार्ना प्रांतातील एका तांब्याच्या डोंगरातला एक अष्टमांश हिस्सा पूर्वी बिशपच्या एका नातलगाकडे गेला होता. तो बिशपने परत मिळवला आणि मोबदल्यात फ्रोसलुंडा येथील शेतीवाडी देऊन टाकली. व्यवहार पक्का व्हावा म्हणून त्यावर राजा मॅग्नुस बिर्गेरसनची मोहोर घेण्यात आली. देवगिरीवर तेव्हा रामदेवराय यादव राज्य करीत होता, आणि ज्ञानेश्वरी पूर्ण व्हायला अजून दोन वर्षांचा अवकाश होता.

त्या डोंगराच्या मालकीतून वाढत गेलेली संस्था आज 'स्टोरा एन्सो' या नावाने व्यापार करते. तिचे मुख्यालय फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत आहे. दुधाचे आणि फळांच्या रसाचे खोके ज्या पुठ्ठ्यापासून बनतात तो पुठ्ठा, मालवाहतुकीची तपकिरी खोकी, कागदाचा लगदा, इमारती लाकूड हा तिचा आजचा पसारा. जगातील सर्वांत जुन्या कंपन्यांच्या याद्या निघतात तेव्हा तिचे नाव हमखास वरच्या ओळीत असते.

या दाव्याकडे थोडे सावधपणे पाहिले पाहिजे. बिशपचा दस्तऐवज एवढेच सिद्ध करतो की १२८८ मध्ये डोंगराची मालकी हिश्श्यांत विभागलेली होती आणि ते हिस्से हस्तांतरित करता येत असत. संचालक मंडळ, भांडवल, नफावाटप, मर्यादित दायित्व यांपैकी काहीही तेव्हा अस्तित्वात नव्हते. तरीही दाव्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही, कारण त्या हिश्श्यांची साखळी पुढे कधी पूर्णपणे तुटली नाही. वस्तू बदलली, धंदा बदलला, देशसुद्धा बदलला. मग सातशे वर्षे टिकले ते नेमके काय, आणि टिकण्याची किंमत कोणी मोजली, हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

फालून हे त्या डोंगराभोवती वाढलेले गाव. डोंगराचे स्वीडिश नाव 'स्टोरा कोपरबेर्ग', म्हणजे तांब्याचा मोठा डोंगर. खाणकाम १२८८ च्याही काही शतके आधी सुरू झाले असावे, असे अभ्यासक मानतात. खाणीत हिस्सा असलेल्या माणसाला 'बेरीस्मन' म्हणत. त्याच्याकडे शेत असे, धातू गाळण्याची स्वतःची भट्टी असे, आणि हिश्श्याच्या प्रमाणात डोंगरातून खनिज काढण्याचा हक्क असे. मराठी वाचकाला येथे मिरासदार आठवावा; फरक एवढाच की ही मिरास काळ्या जमिनीवरची नसून खडकातली होती. काढलेले खनिज ज्याचे तो आपल्या भट्टीत गाळी. सामायिक होता तो डोंगर आणि त्याचे नियम.

ते नियम १३४७ साली राजा मॅग्नुस एरिक्सनच्या सनदेने लिखित स्वरूपात आले. कोणाचे हक्क काय, कारभार कोणी पाहायचा, याची तजवीज तीत होती. काही गंभीर गुन्हे वगळता, डोंगरावर कामाला येणाऱ्या फरारी माणसाला तेथे अभय मिळे. यामागे दयाभाव होता असे मानण्याचे कारण नाही. थंडीत गोठणाऱ्या, गंधकाच्या धुराने भरलेल्या त्या मुलखात राजीखुशीने येणारे मजूर थोडे होते, इतकाच त्याचा अर्थ.

काम चालत असे ते असे. खडकाला लागून लाकडांचे मोठे ढीग रचायचे आणि रात्रभर पेटते ठेवायचे. तापलेला खडक तडकला की सकाळी घण आणि पहारींनी तो फोडायचा. मग फोडलेले खनिज उघड्यावर पुन्हा लाकडांच्या आगीत भाजायचे, म्हणजे त्यातील गंधक उडून जाई. पुढे भट्टीत लोणारी कोळशावर ते वितळवायचे, पुन्हा भाजायचे, पुन्हा वितळवायचे. तांबे हाती येईपर्यंत आठवडेच्या आठवडे जात. खोल खड्ड्यातून खनिज वर ओढण्यासाठी बैलांच्या कातड्याचे जाड दोर वळत. त्यासाठी इतके बैल मारले जात की मांसाचे काय करायचे हा प्रश्न पडे, आणि त्यातूनच 'फालुकोर्व' हा आजही घरोघरी खाल्ला जाणारा सॉसेज जन्मला, असे स्वीडनमध्ये सांगतात. तांबे वेगळे काढल्यावर उरलेल्या लोहयुक्त मातीपासून तांबडा रंग होई. स्वीडनच्या ग्रामीण भागातील लाकडी घरे ज्या गडद तांबड्या रंगासाठी ओळखली जातात, तो हाच.

पण या सगळ्या कामाची खरी मागणी होती लाकडाची. खडक फोडायला लाकूड, खनिज भाजायला लाकूड, वितळवायला कोळसा, खाणीला टेकू द्यायला ओंडके. तांब्याची खाण म्हणून जी ओळखली गेली, ती एका अर्थाने जंगल गिळणारी भट्टीच होती. फालूनच्या आसमंतातील झाडी आधी कुऱ्हाडीने गेली, आणि उरलीसुरली धुराने. १७३४ मध्ये कार्ल लिनेयस हा निसर्गशास्त्रज्ञ डालार्नाच्या प्रवासात या खाणीत उतरला होता. वनस्पतींना नावे देण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला येथे वनस्पतीच दिसेनात, हा योगायोग बोलका आहे.

जंगल जसे दूर जाऊ लागले, तसे त्यावरचे हक्क मिळवणे आणि राखणे ही खाणीच्या कारभाराची मोठी चिंता बनली. पाण्याचेही तसेच. खड्डा खोल गेला की त्यात पाणी साचते. ते उपसायला चाके हवीत, आणि चाके फिरवायला वाहते पाणी. १६९० च्या दशकात ख्रिस्तोफर पोलहेम या अभियंत्याने येथे पाणचक्कीच्या बळावर खनिज वर खेचणारी यंत्रे उभारली, ती पाहायला लोक दुरून येत. जंगल आणि पाणी ही दोन्ही साधने खाणीची केवळ चाकरी करण्यासाठी जोडली गेली होती. पुढे चाकर मालक झाला, तो कसा ते यथावकाश येईल.

सतराव्या शतकात डोंगराचा मध्यान्ह होता. १६५० च्या सुमारास वर्षाला सुमारे ३,००० टन तांबे निघत असे, आणि युरोपला लागणाऱ्या तांब्यातील जवळजवळ दोनतृतीयांश वाटा एकट्या फालूनचा होता असे सांगितले जाते. राजवाड्यांची आणि चर्चची छपरे, तोफा, भांडी, नाणी या सगळ्यांत ते गेले. उत्तरेकडील एका विरळ वस्तीच्या राज्याने तीस वर्षांच्या युद्धात जर्मनीपर्यंत सैन्य नेले, त्याचा खर्च भागवण्यात या तांब्याचा मोठा हात होता.

याच तांब्याने एक विनोदही घडवला. देशात चांदी थोडी आणि तांबे मुबलक, म्हणून स्वीडनने तांब्याचेच चलन काढले. नाण्याची किंमत त्यातील धातूएवढी असावी हा दंडक पाळायचा तर तांब्याचे नाणे अवजड होणारच. १६४४ मध्ये पाडलेले दहा डालरचे 'नाणे' हा सुमारे १९.७ किलो वजनाचा पत्रा होता. खरेदीला निघताना खिशाऐवजी घोडागाडी लागावी असा तो प्रकार. शेवटी १६६१ साली योहान पाल्मस्त्रुक याच्या स्टॉकहोम्स बांको या बँकेने युरोपातील पहिल्या कागदी नोटा काढल्या. लोकांनी त्या आनंदाने घेतल्या, बँकेने त्या प्रमाणाबाहेर छापल्या, आणि काही वर्षांतच बँक कोसळली. पाल्मस्त्रुकला मृत्युदंड ठोठावला गेला. तो अमलात मात्र आला नाही. त्या पडझडीतून १६६८ मध्ये स्वीडनची मध्यवर्ती बँक उभी राहिली. तांब्याच्या वजनाने वाकलेल्या देशाने कागदाचा आधार घेण्याची ही पहिली वेळ. दुसरी वेळ यायला आणखी सव्वादोनशे वर्षे लागली.

डोंगर मात्र आतून पोखरला जात होता. प्रत्येक हिस्सेदार आपल्या वाट्याचे खनिज लवकरात लवकर काढण्याच्या मागे असे. खाली पोकळ्या किती झाल्या, दोन खड्ड्यांमधील भिंत किती जाडीची राहिली, याचा एकत्रित विचार फारसा होत नसे. मालकी सामायिक, लाभ वैयक्तिक आणि धोका कोणाचाच नाही, अशी ही रचना. जून १६८७ मध्ये खड्ड्यांमधल्या भिंती ढासळल्या आणि डोंगराचा मधला भाग आत कोसळला. तो मिडसमरच्या सणाचा दिवस होता. खाण बंद होती, माणसे घरी होती, आणि एकही जीव गेला नाही. एरवीच्या दिवशी त्या वेळी शेकडो माणसे खाली असती. कोसळण्याने तयार झालेला 'मोठा खड्डा' सुमारे ९५ मीटर खोल आणि साडेतीनशे ते चारशे मीटर रुंद आहे. तो आजही तसाच उघडा आहे.

खाणीत जीव न गेल्याची ती एक सुदैवी तारीख. बाकीच्या तारखांचे काय, ते फेट-मात्सच्या कथेवरून कळते. १७१९ मध्ये खाणीतील एका जुन्या, पाण्याने भरलेल्या भागात एका तरुणाचे शव सापडले. तुरटीसारख्या गुणाच्या मोरचूदमिश्रित पाण्यात ते जराही कुजले नव्हते. चेहरा इतका ताजा की मृत्यू नुकताच झाला असावा असे वाटे. तरी गावातून कोणी बेपत्ता नव्हते. शेवटी मार्गारेता ओल्सदोत्तर नावाची एक वृद्धा पुढे आली आणि तिने त्याला ओळखले. तो मात्स इस्राएलसन होता, तिचा वाग्दत्त वर, १६७७ मध्ये खाणीत उतरलेला आणि परत न आलेला. बेचाळीस वर्षांत तिची म्हातारी झाली होती. तो होता तसाच होता. जर्मन साहित्यिकांनी या प्रसंगावर कथा लिहिल्या आणि तो अजरामर झाला. वास्तवात जे घडले ते कथेपेक्षा कमी रम्य आहे. ते शव कित्येक वर्षे बघ्यांसाठी ठेवले गेले, १७४९ मध्ये पुरले गेले, एकोणिसाव्या शतकात पुन्हा उकरून काचेच्या पेटीत मांडले गेले, आणि अखेर १९३० मध्ये त्याला मूठमाती मिळाली. एका कामगाराला खाणीतून सुटायला अडीचशे वर्षे लागली.

१६८७ नंतर तांबे संपले असे नाही, पण सुगीचे दिवस सरले. अठराव्या शतकात उत्पादन घटत गेले आणि हिस्सेदारांनी लोखंडाकडे मोर्चा वळवला. डालार्नात लोहखनिज होते, भट्ट्यांचे ज्ञान होते, आणि मुख्य म्हणजे कोळशासाठी लागणारे जंगल हाताशी होते. १८६२ मध्ये हिस्सेदारांचे सगळे उद्योग एका संघटनेखाली आणले गेले, आणि १८८८ मध्ये 'स्टोरा कोपरबेर्ग' आधुनिक अर्थाने मर्यादित कंपनी झाली. म्हणजे कायद्याच्या काटेकोर नजरेने पाहिले, तर ही कंपनी सातशे वर्षांची नसून जेमतेम एकशेचाळीस वर्षांची आहे. हिश्श्यांचे रूपांतर समभागांत झाले, त्यामुळे दोन्ही वयांना आपापले पुरावे आहेत.

या वळणावर कंपनीची सूत्रे एरिक योहान युंगबेर्ग याच्या हाती होती. १८७५ ते १९१५ असा चार दशकांचा त्याचा काळ. त्याच्या आमदानीत बोर्लेंगे येथे डाल नदीच्या काठी दोम्नार्वेतचा लोखंड-पोलादाचा मोठा कारखाना नावारूपाला आला. पण पोलाद आता दगडी कोळशावर होऊ लागले होते, आणि लोणारी कोळशाची गरज उतरणीला लागली होती. कंपनीच्या ताब्यातील अफाट जंगलाचे करायचे काय?

उत्तर स्वीडनच्या बाहेर तयार होत होते. शतकानुशतके युरोपात कागद होत असे तो चिंध्यांपासून. वर्तमानपत्रांचा खप वाढला, चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या, आणि लाकडाचा शोध सुरू झाला. १८४० च्या दशकात जर्मनीतील फ्रीडरिश गॉटलोब केलर याने फिरत्या दगडावर ओले लाकूड दाबून त्याचा लगदा करण्याची रीत काढली. तिला लागत असे वाहते पाणी आणि लाकूड. लाकडातील तंतू रसायनांनी मोकळे करण्याची सल्फाइट पद्धत व्यापारी प्रमाणावर प्रथम वापरली गेली ती मात्र स्वीडनमध्येच, १८७४ साली बेर्गविक येथे, कार्ल डॅनियल एकमन याच्या हाती. लगद्याला स्प्रूस हे मंद वाढणारे, लांब तंतूंचे झाड उत्तम. उत्तरेच्या थंड जंगलात त्याला तोटा नव्हता.

खाणीसाठी राखलेले जंगल आणि खाणीसाठी ओळखीच्या झालेल्या नद्या, अशी दोन्ही साधने कंपनीपाशी आधीच होती. तिने १८८५ मध्ये समुद्रकाठच्या स्कुत्सकेर येथील लाकूड कापण्याची गिरणी विकत घेतली आणि तेथे लगद्याचा उद्योग वाढवला. १९०० मध्ये बोर्लेंगेजवळ क्वार्न्सवेदेन येथे कागद गिरणी सुरू झाली. ती वर्तमानपत्रांसाठी कागद काढू लागली, आणि पुढल्या काळात युरोपातील मोठ्या गिरण्यांत तिची गणना झाली. डोंगर पोसण्यासाठी जे जोडले होते, तेच डोंगर आटल्यावर पोशिंदे झाले. यात दूरदृष्टी किती आणि नशीब किती, हे ठरवणे अवघड आहे. कंपनीच्या गौरवग्रंथांत दूरदृष्टीचा वाटा साहजिकच जास्त असतो. पण जंगल घेणाऱ्या सतराव्या शतकातील हिस्सेदाराच्या डोक्यात वर्तमानपत्र असणे शक्य नव्हते.

जंगल कंपनीकडे आले कसे, हेही विसरून चालणार नाही. काही जुन्या हक्कांनी आले, काही खरेदीने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर स्वीडनमध्ये लाकूड कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून जंगलजमिनी आणि तोडीचे हक्क मोठ्या प्रमाणावर घेतले. रोख पैसा क्वचित पाहिलेल्या शेतकऱ्याला समोर ठेवलेली रक्कम मोठी वाटे. झाडांची खरी किंमत त्याला पुढे कळे, तोवर सही झालेली असे. कर्ते शेतकरी कूळ बनत चालल्याची ओरड इतकी वाढली की १९०६ साली स्वीडनच्या संसदेने उत्तरेकडील प्रांतांत कंपन्यांना शेतकऱ्यांच्या जमिनी विकत घेण्यावर निर्बंध घातले. कायदा झाला तेव्हा बरेचसे जंगल आधीच हातचे गेले होते.

विसाव्या शतकातली सत्तर वर्षे पटकन ओलांडता येतील. खाण, पोलाद, वीज, लाकूड, लगदा, कागद असे सगळे एका छताखाली नांदले. मग १९७० च्या दशकात पोलादाचे संकट आले. १९७८ मध्ये स्वीडनने तीन पोलाद कारखाने एकत्र करून एसएसएबी ही कंपनी स्थापली, आणि दोम्नार्वेत तिच्याकडे गेले. आता कंपनीने कागदावर सारी मदार टाकली. १९७६ मध्ये तिने बेर्गविक ओक आला ही कंपनी घेतलीच होती, ज्या नावात सल्फाइट लगद्याची जन्मभूमी दडली आहे. पाठोपाठ १९८४ मध्ये बिलेरूद, १९८६ मध्ये पापिरुस, १९८८ मध्ये काड्यापेट्यांची प्रसिद्ध स्वीडिश मॅच आणि १९९० मध्ये जर्मनीची फेल्डम्यूले. याच दशकात नावही आखडून नुसते 'स्टोरा' झाले. 'तांब्याचा मोठा डोंगर' यातून तांबे गेले, डोंगर गेला, आणि 'मोठा' एवढेच विशेषण उरले.

१९८८ मध्ये सातशेव्या वाढदिवसाचा थाटामाटाचा सोहळा झाला. त्यानंतर चार वर्षांनी, ८ डिसेंबर १९९२ रोजी, फालूनच्या खाणीत शेवटचा सुरुंग उडाला आणि काम कायमचे थांबले. २००१ मध्ये युनेस्कोने खाण आणि तिचा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला. तांबडा रंग अजून तेथेच बनतो.

आता नावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळू. हान्स गुट्साइट या नॉर्वेजियन उद्योजकाने १८७२ मध्ये फिनलंडमधील कोत्का बंदरात वाफेवर चालणारी लाकूडगिरणी उभारली. तिच्यातून वाढलेल्या कंपनीने पुढे करेलिया भागात व्हुओक्सी नदीकाठच्या 'एन्सो' या गावी लगदा आणि कागदाचे कारखाने चालवले, आणि गावाचे नाव कंपनीच्या नावात आले: एन्सो-गुट्साइट. १९१८ मध्ये, स्वातंत्र्य मिळून वर्षही उलटले नव्हते तेव्हा, फिनलंडच्या सरकारने तिची मालकी मिळवली. नव्या राष्ट्राला आपल्या जंगलाची किंमत ठाऊक होती.

दुसऱ्या महायुद्धात फिनलंड सोव्हिएत संघाशी दोनदा लढले आणि करेलियाचा मोठा भाग गमावून बसले. त्यात एन्सोही गेले. लाखो फिनिश माणसे घरदार सोडून नव्या सीमेच्या अलीकडे आली. सोव्हिएत राजवटीने गावाचे नाव बदलून स्वेतोगोर्स्क केले, आणि कारखाना पुढे रशियन कारखाना म्हणून चालत राहिला. कंपनीने मात्र आपल्या नावातले 'एन्सो' सोडले नाही. सीमेच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर असलेल्या इमात्रा येथे तिचे कारखाने वाढले. आज पेयांच्या खोक्यांचा पुठ्ठा बनवणारी ती एक महत्त्वाची जागा आहे.

डिसेंबर १९९८ मध्ये स्टोरा आणि एन्सो एक झाल्या. जोडनावाचा पहिला शब्द बंद पडलेल्या डोंगराचा, दुसरा परदेशात गेलेल्या आणि नकाशावरून नाव पुसलेल्या गावाचा. कोणत्याही जाहिरात संस्थेने सुचवले नसते असे हे नाव.

एवढे अनुभवी घराणे चुकत नाही, असा समज असेल तर तो अमेरिकेने लगेच दूर केला. २००० साली कंपनीने कन्सॉलिडेटेड पेपर्स ही अमेरिकन कंपनी कर्जासह जवळजवळ पाच अब्ज डॉलरना विकत घेतली. गुळगुळीत मासिकी कागदाचा धंदा. आणि इंटरनेटने त्या धंद्याच्या मुळाशी हात घातला होता. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेतील कारभार साधारण निम्म्या किमतीला विकून ती परतली. जंगलाच्या बाबतीतही धरसोड झाली. २००४ मध्ये स्वीडनमधील जंगल 'बेर्गविक स्कूग' या वेगळ्या कंपनीकडे सोपवले गेले. २०१९ मध्ये त्यातले सुमारे १४ लाख हेक्टर थेट मालकीत परत घेतले गेले. जे एके काळी खाणीच्या चुलीत घालण्यासाठी होते, ते आता ताळेबंदातील सर्वांत भक्कम मालमत्ता ठरले होते.

पुठ्ठ्याच्या मागे ही कंपनी आपल्या उपखंडातही आली. २०१० नंतरच्या दशकात पाकिस्तानच्या पंजाबमध्ये तिने स्थानिक भागीदारासह खोक्यांच्या उद्योगात गुंतवणूक केली. २०१४ मध्ये स्वीडिश दूरचित्रवाणीने तेथील पुरवठा साखळीतील बालमजुरी उघडकीला आणली: कच्चा माल म्हणून जाणारी रद्दी कचऱ्यातून वेचणारी मुले. स्टॉकहोममध्ये गहजब झाला, सुधारणांची आश्वासने दिली गेली, आणि काही वर्षांनी कंपनी त्या भागीदारीतून बाहेर पडली. सुबक पांढऱ्या खोक्याच्या उगमाशी कोणते हात असतात, हे अशा वेळी क्षणभर दिसते.

मग एप्रिल २०२१. युरोपात वर्तमानपत्री कागदाची मागणी वर्षानुवर्षे घसरत होती. महामारीने तिचा कडेलोट केला. कंपनीने दोन गिरण्या बंद करण्याची घोषणा केली: फिनलंडमधील व्हेइत्सिलुओतो आणि स्वीडनमधील क्वार्न्सवेदेन. पहिल्या ठिकाणी सुमारे ६७०, दुसऱ्या ठिकाणी सुमारे ४४० माणसे कामाला होती. याच सुमारास फिनलंडच्या औलू येथील कागद गिरणीत खोक्यांचा पुठ्ठा निघू लागला होता, म्हणजे गिरणीचे रूपांतर अशक्य नव्हते. पण कोणत्या गिरणीत नवे यंत्र घालायचे आणि कोणत्या गिरणीला टाळे लावायचे, हे हिशेबाने ठरते. आणि क्वार्न्सवेदेनचा हिशेब जुळला नाही. कंपनी ज्या डोंगरातून जन्मली, त्याच्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आतली ही गिरणी. सप्टेंबर अखेरपर्यंत तिची यंत्रे थांबली. १२१ वर्षांत कित्येक घराण्यांच्या तीन-तीन, चार-चार पिढ्या तेथे राबल्या होत्या. टिकण्याची हातोटी म्हणून व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ज्याचे कौतुक होते, ते बोर्लेंगेच्या माणसाने त्या शरद ऋतूत दुसऱ्या बाजूने पाहिले. कंपनी टिकली, ती त्याच्याशिवाय.

पुढल्याच वर्षी नॉर्थव्होल्ट या विद्युतघट बनवणाऱ्या तरुण स्वीडिश कंपनीने क्वार्न्सवेदेनची जागा विकत घेतली. हजारभर नव्या नोकऱ्यांची भाषा झाली, गावात पुन्हा धुगधुगी आली. २०२४ मध्ये नॉर्थव्होल्टने तो बेत सोडून दिला, आणि मार्च २०२५ मध्ये स्वीडनमध्ये स्वतःच दिवाळखोरी पत्करली. तिचे वय दहा वर्षांहून कमी होते.